जुने वेलगुलाब

नवरात्र आटोपतें न आटोपतें तोंच घाटावरील बागांतून गुलाबांच्या छाटणीची गडबड सुरू होते. माळीबुवा कात्री घेऊन येतात, वाफ्यांतील झुडुपें गुडघ्याएवढीं करतात, आणि जातां जातां कमानीवरच्या वेलगुलाबालाहि तोच न्याय लावतात. पुढें वर्षभर घरांत तक्रार चालते, कीं पूर्वीं हा वेल फुलांनीं लवत असे, आतां नुसताच माजतो. खत बदलून होतें, औषधें फवारून होतात. दोष मात्र बहुधा कात्रीचा असतो.

हें समजण्यास वेलगुलाबाचें कुळ पाहिलें पाहिजे. वारंवार फुलणारे, चहाचा मंद वास असलेले 'टी' गुलाब आणि युरोपांतील दणकट 'हायब्रिड पर्पेच्युअल' गुलाब ह्यांच्या संकरांतून 'हायब्रिड टी' हा वर्ग निघाला. लियाँचे गिलो ह्यांनीं १८६७ सालीं आणलेला 'ला फ्रान्स' हा त्यांतील पहिला मानतात. हे मूळचे झुडुपी गुलाब. पण एखाद्या झुडुपावर अकस्मात् एकच कोंब वेगळ्या चालीचा निघतो. तो दहा-बारा फूट चढतो, फूल मात्र मूळ झाडाचेंच देतो. बागवान ह्याला 'स्पोर्ट' म्हणतात. त्या कोंबावरील डोळा दुसऱ्या खुंटावर भरला, कीं वेलगुलाब तयार झाला. जुने हायब्रिड टी वेल बहुतेक अशाच जन्माचे.

'मादाम कारोलीन तेस्तू' हें गुलाबी झुडूप पेर्ने-दुशे ह्यांनीं १८९० मध्यें आणलें. त्याचा वेल १९०१ मध्यें आला. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरानें १९०५ च्या प्रदर्शनाच्या सुमारास रस्त्यांच्या कडेनें ह्याच जातीचीं हजारों झुडुपें लाविलीं होतीं. 'एत्वाल द हॉलांद' हा गडद तांबडा, अतिशय सुवासिक गुलाब १९१९ चा, त्याचा वेल १९३१ चा. ह्याच्या फुलाची मान नाजूक. झुडुपावर तें मातीकडे पाहत राहतें, म्हणून तो दोष. कमानीखालून जाणाऱ्याकडे तेंच फूल वांकून पाहतें, तेव्हां तो गुण होतो. आमचा कल उघडच वेलाकडे आहे.

लावल्यावर पहिलीं दोन वर्षें कडक छाटणी केली, तर असा वेल आपली चाल सोडून पुन्हा झुडुपाच्या वळणावर जाऊं शकतो. शिवाय त्याचा मुख्य बहर मागील वर्षाच्या फांद्यांवरून निघणाऱ्या आंखूड फुटींवर येतो. ती फांदीच कापली, तर फूल यावें कोठून?

येथें कात्रीपेक्षां सुतळीचें काम अधिक. उभ्या फांदीच्या शेंड्यांतून 'ऑक्झिन' नांवाचें द्रव्य खालीं उतरतें आणि खालच्या डोळ्यांना झोंपवून ठेवतें. म्हणून फुलें शेंड्याला, म्हणजे शेजाऱ्यांच्या गच्चीला, येतात. फांदी आडवी वळविली कीं शेंड्याचा हा अंमल सैल होतो आणि तिच्या सर्व लांबीवर डोळे फुटूं लागतात. मात्र जून फांदी काडकन मोडते. ती कोंवळी असतांनाच आठ-आठ दिवसांनीं थोडी थोडी खालीं आणावी व सैल बांधावी. तार नको, ती सालींत रुतते. भिंत नसेल त्यांनीं भक्कम खांबाभोंवतीं फांद्या गुंडाळाव्या. छाटावयाचें तें वाळलेलें, रोगट, आणि फुलून गेलेल्या बाजूच्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर. बुडापासून जोमदार कोंब आला, तर सर्वांत जुनी एक फांदी मुळाशीं काढावी. कलमाच्या जोडाखालून आलेला कोंब मात्र खुंटाचा. त्याची गय करूं नये.

एवढ्या आग्रहानें लिहिण्यास कारण आहे. हे गुलाब बियांपासून जसेच्या तसे येत नाहींत. कोणी डोळा भरील किंवा काडी लावील, तोंवरच जात जगते. रोपवाटिकांतून जुने वेल आतां क्वचितच मिळतात. वाडा पाडून इमारत होते, भाऊ-भाऊ दारें-खिडक्यांचा हिशेब चोख करतात, आणि आजेसासूबाईंनीं लाविलेला, नांव विसरलेला गुलाब विटा-मातीबरोबर जातो.

असें घर तुमचें असेल, तर पाडकामाआधींच्या हिंवाळ्यांत माळ्याकडून निदान चार खुंटांवर डोळे भरून घ्यावे. आपल्याकडे 'एडवर्ड' गुलाबाचा खुंट ह्या कामीं वापरतात. डोळा वेलाच्या लांब फांदीवरचाच घ्यावा, नाहींतर कलम झुडुपी निघण्याचा संभव असतो. चारी रोपें एका घरीं ठेवूं नयेत; एक बहिणीकडे, एक भाचीकडे धाडावें. गच्चींतला मोठा पिंपहि चालतो. जातीचें नांव ठाऊक नसेल, तर पाटीवर लावणाऱ्या बाईंचें नांव लिहावें.