गळ, हात आणि आभासी वास्तव

लोहाऱ्यात आमच्या लहानपणी विहिरीत पोहरा पडला की आजोबा गळ सोडत. तळ दिसत नसे. पण विहिरीचा प्रत्येक चिरा त्यांना पाठ होता, आणि गळ दगडाला घासला की पोहऱ्याच्या कडीत अडकला, हे दोर धरलेल्या हाताला कळे. अणुसंमीलन भट्टीच्या देखभालीविषयी वाचताना मला हा गळ वारंवार आठवतो.

या भट्टीत ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांची केंद्रके एकत्र येतात. त्यातून हेलियम आणि प्रचंड वेगाचे न्यूट्रॉन निघतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने भट्टीचे पोलादच किरणोत्सारी होते. त्यामुळे भट्टी बंद केली तरी माणसाला आत उतरता येत नाही. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या इटर प्रकल्पात २००५ पासून भारतही भागीदार आहे. तिथे आतल्या भिंतीवर ४४० ठोकळे आहेत, प्रत्येकी साडेचार टनांपर्यंत वजनाचे. तळाशी प्रत्येकी सुमारे १० टनांच्या ५४ कॅसेट आहेत. हे सारे दुरूनच बदलायचे.

असे काम होऊ शकते, हे इंग्लंडमधील जेट यंत्राने दाखवले. १९९७ च्या ट्रिटियम प्रयोगांनंतर, १९९८ मध्ये, तळाचे भाग माणूस आत न पाठवता बदलले गेले. लांब सांधेदार बाहूच्या टोकाला दोन हातांचे मॅस्कॉट यंत्र होते. बाहेर बसलेला चालक हात हलवी, तसे ते आत हले, आणि आतला जोर चालकाच्या हाताला जाणवे.

आभासी वास्तवाची गरज नजरेसाठी लागते. आत कॅमेरे मोजकेच असतात. किरणोत्साराने ते बिघडतात आणि यंत्राचा बाहू मध्ये आला की समोरचे झाकले जाते. म्हणून आराखड्यांवरून संगणकात भट्टीची प्रतिकृती उभारतात. बाहूच्या सांध्यांचे कोन मोजून प्रतिकृतीतला बाहूही त्याच वेळी हलवतात. चालकाला कोणत्याही बाजूने पाहता येते, धडक टाळता येते, कामाची रंगीत तालीमही करता येते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही या विषयावर काम चालते.

मात्र ही प्रतिकृती आराखड्यातली भट्टी दाखवते. खरी भिंत उष्णतेने किंचित वाकलेली असू शकते. जड ओझ्याने बाहूही लवतो, आणि ती लवण सांध्यांच्या कोनांत दिसत नाही. काही मिलिमीटरांची चूकही बोल्ट अडकवू शकते. म्हणून आतली प्रत्यक्ष मापे घेऊन प्रतिकृती दुरुस्त करत राहावे लागते. जवळ जाईपर्यंत प्रतिकृतीचा आधार घ्यावा; शेवटच्या स्पर्शाला कॅमेरा आणि हाताला जाणवणारा जोर हवाच.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या विहिरीचे चिरे आत ढासळले. पुढे पोहरा पडला तेव्हा आजोबांनी पाठ असलेल्या जागी गळ सोडला; तो नको तिथे अडकला. त्यांनी दोर ओढला नाही. आधी काठी घालून विहीर पुन्हा चाचपली, मगच गळ फिरवला.