शेतातले कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे : गुडघे व कंबर टिकवण्यासाठी शेतकरी कुटुंबाने काय करावे?



रब्बी ज्वारीचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी वाण, पेरणीची वेळ, ओलावा व खत यांविषयी प्रश्न विचारतात. काढणीवर बोलणे आले की मात्र एकच तक्रार पुढे येते : 'उपटायला माणूस मिळत नाही.' या एका कारणासाठी ज्वारीचे क्षेत्र कमी करणारे शेतकरी आहेत. मजूर मिळेना म्हणजे काम घरच्या माणसांवर येते आणि घरातील चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांचे, विशेषतः भगिनींचे, गुडघे व कंबर साथ देत नाहीत. बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. घरच्या माणसाचा गुडघा सुजला तर मात्र दुकानातून गोळी आणून काम पुढे रेटले जाते.

याबाबत दोन समजुती आढळतात. पहिली खेड्यात : 'दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?' दुसरी शहरात राहून शेती पाहणाऱ्या कुटुंबांत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत घर आणि उत्तर किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यात शेत, अशा कुटुंबांतील वडीलधारी माणसे गुडघा दुखू लागला की आधी शेतावर जाणे सोडतात, मग जिना उतरणे टाळतात आणि शेवटी पेठेतल्या देवळापर्यंत चालणेही बंद होते. 'विश्रांती घेतली की बरे होईल' हा त्यामागचा विचार असतो. या दोन्ही समजुतींमुळे सांध्याचे नुकसान होते. ते कसे होते व त्यावर घरच्या घरी काय करता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

१) सांध्याचे काम कसे चालते?

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचिक असे कूर्चेचे अस्तर असते. या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते. सांध्यावर भार आला की अस्तर स्पंजासारखे दाबले जाते, भार गेला की ते द्रव शोषून घेते. म्हणजे सांधा हलला तरच अस्तराला अन्न मिळते. म्हणूनच केवळ पडून राहिल्याने झिजलेला गुडघा सुधारत नाही.

दुसरी बाब स्नायूंची. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना तो सुमारे साडेतीन पट होतो. ६० किलो वजनाच्या माणसाचा गुडघा चालताना सुमारे १५० किलो, तर जिना उतरताना सुमारे २१० किलो भार सोसतो. या भाराचे धक्के झेलण्याचे व गुडघा स्थिर ठेवण्याचे काम मुख्यतः मांडीचा पुढचा स्नायू करतो. दुखते म्हणून चालणे कमी केले की हा स्नायू रोडावतो, धक्का सरळ सांध्यावर बसतो, दुखणे वाढते आणि चालणे आणखी कमी होते. हे चक्र तोडणे हाच व्यायामाचा उद्देश आहे.

२) कष्ट आणि व्यायाम यांत फरक काय?

शेतातील कामात एकच हालचाल तासन् तास होते. खुरपणी उकिडवे बसून, ज्वारीची उपटणी कमरेत वाकून, तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन करावी लागते. यात काही स्नायू थकून जातात, काहींना काम मिळतच नाही आणि सांध्याच्या ठरावीक भागावर सतत दाब राहतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी दीर्घकाळ चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. ज्या पुरुषांच्या कामात अंगमेहनतीबरोबर वारंवार गुडघे वाकवावे लागत, त्यांच्यात गुडघ्यांची झीज होण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. चीनमधील बीजिंग येथील २००४ च्या अभ्यासातही तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये उतारवयात गुडघ्यांची झीज अधिक दिसली.

व्यायामात याउलट ठरावीक स्नायूला, ठरावीक मात्रेत, विश्रांतीसह काम दिले जाते. सगळे खत एकाच ठिकाणी ओतणे आणि तेच खत हप्त्याने मुळांजवळ देणे यांत जेवढा फरक, तेवढाच कष्ट व व्यायाम यांत आहे.

३) दुखण्याचा प्रकार ओळखा

सर्वच सांधेदुखी झिजेची नसते. झिजेमुळे होणाऱ्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो व काम केल्यावर दुखणे वाढते. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजून सकाळचा ताठरपणा तासभर किंवा अधिक टिकत असेल, तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो. त्याला वेगळी औषधे लागतात आणि ती लवकर सुरू झाली तरच सांधे वाचतात. चिकुनगुनियानंतरही कित्येकांचे सांधे महिनोन् महिने दुखतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे.

खालील लक्षणे असल्यास व्यायाम सुरू न करता प्रथम डॉक्टरांना दाखवावे :

अ) सांधा लाल व गरम होऊन सुजणे, सोबत ताप येणे.
ब) पडल्यानंतर पायावर भार देता न येणे.
क) गुडघा मध्येच अडकणे.
ड) रात्री झोपमोड करणारे दुखणे व वजन घटणे.
इ) कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे. असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

४) व्यायामाची पद्धत, मात्रा व वेळ

कोरडवाहू रब्बी ज्वारीत पहिली कोळपणी पीक तीन आठवड्यांचे झाल्यावर फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासाच्या कोळप्याने व तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करण्याची शिफारस आहे. एकाच दिवशी तिन्ही कोळपण्या उरकून भागत नाही. व्यायामाचेही तसेच आहे. तो टप्प्याटप्प्याने वाढवावा.

पहिला टप्पा (पहिले दोन आठवडे) :

अ) बाजेवर किंवा सतरंजीवर पाय लांब करून बसावे. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवावी. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबावी, पाच अंक मोजावेत व सैल सोडावे. प्रत्येक पायाने १० वेळा करावे.

ब) उताणे झोपून एक गुडघा वाकवून ठेवावा. दुसरा पाय सरळ ठेवून जमिनीपासून सुमारे एक वीत उचलावा, पाच अंक मोजून सावकाश खाली ठेवावा. प्रत्येक पायाने १० वेळा करावे. श्वास रोखू नये.

हे दोन्ही व्यायाम सकाळ-संध्याकाळ करावेत.

दुसरा टप्पा (तिसऱ्या आठवड्यापासून) : वरील व्यायामांत पुढील तीनची भर घालावी.

क) खुर्चीवर बसून एक पाय सावकाश सरळ करावा, पाच अंक धरावा व सावकाश खाली आणावा. १० वेळा.

ड) भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलाव्यात व हळू खाली आणाव्यात. १० वेळा.

इ) कमरेसाठी उताणे झोपून दोन्ही गुडघे वाकवावेत, पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलावी, पाच अंक मोजून खाली आणावी. १० वेळा.

तिसरा टप्पा (सहाव्या आठवड्यापासून) :

फ) उंच, न हलणाऱ्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठावे व सावकाश बसावे. ५ वेळांपासून सुरुवात करून १० ते १५ वेळांपर्यंत न्यावे. सुरुवातीस खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी.

ग) सपाट रस्त्यावर रोज १० मिनिटे चालावे व दर आठवड्याला थोडी वाढ करत ३० मिनिटांपर्यंत जावे. ज्या गुडघ्यात दुखते, त्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी. काठी वापरण्यात कमीपणा मानू नये, त्यामुळे सांध्यावरचा भार कमी होतो.

मात्रा ठरवण्याचा नियम सोपा आहे. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल किंवा सूज आली असेल, तर मात्रा निम्मी करावी, व्यायाम बंद करू नये. स्नायूत फरक जाणवण्यास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देणे म्हणजे उगवणीपूर्वीच पीक मोडण्यासारखे आहे. नुकतेच हाड मोडलेले, शस्त्रक्रिया झालेली किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांना विचारूनच व्यायाम सुरू करावा.

५) कामाच्या पद्धतीत बदल

व्यायामाने कमावलेली ताकद चुकीच्या पद्धतीने काम करून घालवू नये. यासाठी खालील बाबी पाळाव्यात :

अ) उकिडव्या बैठकीतील खुरपणी जेवढी टाळता येईल तेवढी टाळावी. ओळीत पेरलेल्या पिकात उभ्याने चालवण्याचे सायकल कोळपे किंवा लांब दांड्याचे हातकोळपे वापरावे. ओळीतील राहिलेल्या तणापुरतेच खुरपे हाती घ्यावे.

ब) उपटणी, पेंढ्या बांधणे व कणसे मोडणे ही कामे एकाच व्यक्तीने सलग न करता आलटून पालटून करावीत. दर अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाकावे. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीस उपटणीच्या ओळीत न घालता उभ्याने करावयाचे काम द्यावे.

क) ओझे उचलताना ते शरीराजवळ धरावे, गुडघे थोडे वाकवून व पाठ सरळ ठेवून उचलावे आणि अंग पिळू नये. पहारीचा लांब दांडा जसा जोर वाढवतो, तसेच शरीरापासून लांब धरलेले ओझे कमरेवरचा ताण कित्येक पटींनी वाढवते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहून नेण्याच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली व स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असे म्हटले. आपल्याकडे युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. तीही दोघांनी मिळून उचलावी. धान्याचे क्विंटलचे पोते एकट्याने पाठीवर घेण्यात मर्दुमकी नाही. घरी साठवणीसाठी अर्ध्या मापाची पोती भरावीत.

परभणी येथील कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करण्याच्या साधनांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. बियाणे व खते यांच्या चौकशीबरोबर अशा साधनांचीही चौकशी कृषी विज्ञान केंद्रात अवश्य करावी. अवजार विकत घेताना ते घरातील भगिनींच्या हाताला व उंचीला बसते का, हे त्यांनाच वापरून पाहू द्यावे.

६) वजन व आहार

शरीराचे वजन १ किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे २००५ च्या अभ्यासात दिसून आले. दिवसातील हजारो पावलांचा हिशेब केला तर ही बचत फार मोठी आहे.

हाडांच्या मजबुतीसाठी प्रौढ व्यक्तीस रोज सुमारे १००० मिलिग्रॅम व पाळी थांबलेल्या स्त्रियांस सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपली ज्वारी पौष्टिक असली तरी १०० ग्रॅममध्ये फक्त २५ ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणीत ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते. म्हणून भाकरीबरोबर दूध, दही किंवा ताक, तिळाची चटणी व शेवग्याच्या पाल्याची भाजी आहारात ठेवावी. डेअरीला दूध घालताना घरातील स्त्रीच्या वाट्याचे पेलाभर दूध आधी बाजूला काढावे. तंबाखू व धूम्रपानाने हाडे कमकुवत होतात, ती सवय सोडावी.

७) गोळ्या, पुड्या व उपचार

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडांना इजा होते. 'हमखास गुण' म्हणून बाजारात मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने दोन दिवसांत आराम वाटतो, पण दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते.

सोलापूर येथे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात अस्थिरोगाची तपासणी करून घेता येते. तपासणीनंतर केवळ औषधाची चिठ्ठी घेऊन परतू नये. 'मला कोणता व्यायाम योग्य आहे, तो करून दाखवा' अशी विनंती करावी व भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावा. झीज फार पुढे गेलेली असल्यास सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाही, आणि आधीपासून मांडीचा स्नायू सशक्त असेल तर माणूस लवकर चालू लागतो.

थोडक्यात, दुखऱ्या सांध्याला पूर्ण विश्रांती नको आणि बेहिशेबी कष्टही नकोत. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे, बिनखर्चाचा व मोजून केलेला व्यायाम आणि त्याला कामाच्या सुधारित पद्धतीची जोड, ही शिफारस आहे. रब्बीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकते व काढणी फेब्रुवारीच्या सुमारास येते. मधले चार महिने मांडीचे स्नायू तयार करण्यास पुरेसे आहेत. कोळपणीची तारीख जशी लक्षात ठेवता, तशी घरातील आई, पत्नी व वडील यांच्या व्यायामाची सुरुवातही पेरणीच्या आठवड्यातच करावी, म्हणजे काढणीच्या दिवसांत त्यांना गोळीच्या आधाराने वावरात उभे राहावे लागणार नाही.