यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी : एक ताळेबंद

माल भरण्यापूर्वी भाव, भाडे, घट आणि उधारीची मुदत या चारही बाजू पाहण्याची आपल्या व्यापारी समाजाची परंपरा आहे. परंतु पेढीवर दहा हजारांच्या खरेदीसाठी दोन दिवस विचार करणारा गृहस्थ मुलाचा बारावीचा निकाल लागताच दहा-पंधरा लाखांचा निर्णय शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून आठवड्याभरात घेऊन मोकळा होतो, हे दृश्य आपण दरवर्षी पाहतो. यात केवळ पैशाचा प्रश्न नाही. दुकानाचे भांडवल आणि मुलाच्या उमेदीची चार वर्षे, दोन्ही पणाला लागलेली असतात. यास्तव यांत्रिक अभियांत्रिकी या एकाच शाखेचा जमाखर्च सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हीच शाखा निवडण्यास कारण आहे. बेळगावची भूमी यंत्रविद्येला नवखी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान थाटले ते याच गावी, आणि पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. शेठ वालचंद हिराचंद यांनी आगबोटी, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत हात घातला. १९४७ साली सांगलीत स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे त्यांचेच नाव मिळाले. या दोघांपैकी एकाजवळही अभियांत्रिकीची पदवी नव्हती. मग पदवी हवी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर किर्लोस्करांच्या घरातच आहे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली पदवीधर झाले, आणि कारखान्याच्या पुढील विस्ताराची धुरा त्यांनी वाहिली. धडाडी पदवीने येत नाही. तथापि उद्योग वाढला की धडाडीस शास्त्राची जोड लागते, हा यातील बोध होय.

आता खर्चाची बाजू पाहू. शुल्क महाविद्यालयागणिक बदलते. म्हणून पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल समजावेत आणि प्रत्येकाने आपले आकडे त्या जागी घालावेत. वर्षाचे शुल्क सव्वा लाख आणि वसतिगृह, भोजन, पुस्तके व प्रवास मिळून एक लाख धरल्यास चार वर्षांचे नऊ लाख होतात. बहुतेक पालक येथेच बेरीज थांबवितात. पण एक रक्कम वहीत यावयाची राहून जाते. तोच मुलगा पेढीवर किंवा अन्यत्र महिना १२,००० रुपये मिळविता, तर चार वर्षांत ५ लाख ७६ हजार घरात आले असते. ही न मिळालेली मिळकतही खर्चच होय. खरी गुंतवणूक १४ लाख ७६ हजारांची झाली.

जमेची बाजू अशी. चार वर्षांचा अनुभव गाठीस असलेला बिनपदवीचा तरुण महिना १८,००० मिळवितो आणि नवा पदवीधर २५,००० वर लागतो असे धरू. फरक सात हजारांचा, म्हणजे वर्षाला ८४,००० चा. हा फरक जन्मभर तसाच राहिला तर मुद्दल फिटण्यास साडेसतरा वर्षे लागतील, व्याज निराळेच. परंतु पाच वर्षांनी तोच फरक वीस हजारांवर गेला, तर सुमारे साडेनऊ वर्षांत मुद्दल मोकळे होते. तात्पर्य, पहिल्या पगारावरून या पदवीची किंमत ठरत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी माणूस कोठे पोहोचतो, यावर ती ठरते. संगणक शाखेकडे विद्यार्थ्यांची रीघ लागण्याचे कारण बव्हंशी तेथील पहिला पगार हेच आहे, आणि यांत्रिक शाखेचे अनेक पदवीधरही शेवटी संगणक कंपन्यांतच रुजू होतात. मुलाचा ओढा मुळात तिकडेच असेल, तर आडवाटेने जाण्यात अर्थ नाही.

कर्ज काढावयाचे असल्यास त्याचाही हिशेब आधी मांडावा. सहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडावयाचे, तर मासिक हप्ता जवळजवळ दहा हजारांचा बसतो. पंचवीस हजारांच्या पगारातून तो कापून गेल्यावर पुण्यात किंवा बंगळुरात खोलीचे भाडे देऊन हाती काय उरेल, हे आईबापांनी मुलास आधीच सांगावे. शिक्षणाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढतच असते, हेही विसरू नये.

या वाटेस एक पर्याय आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावीची दोन आणि पदवीची चार अशी सहा वर्षे. पदविकेची तीन आणि पदवीची तीन अशीही सहाच वर्षे. काळ तोच, पण दुसऱ्या मार्गात निम्म्या वाटेवर हाती एक उपजीविकेचे साधन येते, आणि पुढे शिकावे की नोकरी धरावी याचा विचार मुलगा अनुभवाने करू शकतो. उणीव इतकीच की गणिताचा पाया कच्चा राहण्याची भीती असते, आणि आय.आय.टी.च्या पदवी-प्रवेशाचे दार बहुधा बंद होते.

सीमाभागातील पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कर्नाटकाच्या सामायिक प्रवेश परीक्षेखेरीज महाराष्ट्राच्या प्रवेश-प्रक्रियेतही वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तसेच २०१४ साली केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक दर्जा दिल्यामुळे समाजाच्या अल्पसंख्याक महाविद्यालयांत राखीव जागांचा लाभ मिळू शकतो. दाखले निकालापूर्वीच तयार ठेवावेत, आणि त्या वर्षाची नियमावली स्वतः वाचावी.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहून भुलू नये. कार्यशाळेत जाऊन लेथ चालू आहे की धूळ खात आहे ते पाहावे. शेवटच्या वर्षाच्या मुलांस विचारावे की सी.एन.सी. यंत्रावर त्यांचा हात किती तास बसला. जाहिरातीत एका विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा पगार छापतात. आपण मधल्या विद्यार्थ्याचा पगार विचारावा, आणि किती जणांस नोकरी लागलीच नाही हेही विचारावे. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे. कर्ज काढून अशा ठिकाणी मुलास धाडण्यापेक्षा चांगल्या तंत्रनिकेतनाची पदविका शतपट बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलगा शिकून पुन्हा दुकानातच बसला तर खर्च वाया गेला, असा एक समज आपल्यांत रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाही. आपल्यापैकी अनेकांचा व्यापार पंप, मोटारी, बेअरिंगे, पाईप आणि हत्यारे यांचा आहे. समजा, शेतकरी दुकानी येऊन म्हणाला की घर्षण धरून एकंदर ४० मीटर उंचीवर सेकंदाला ५ लिटर पाणी चढवावयाचे आहे. अंदाजाने विकणारा दुकानदार साडेसात अश्वशक्तीचा पंप गळ्यात बांधील. शास्त्र जाणणारा हिशेब करील की साठ टक्के कार्यक्षमतेच्या पंपास सुमारे ४.४ अश्वशक्ती लागते, म्हणजे पाचाचा पुरे. आज विक्री थोडी कमी होईल. पण तो शेतकरी आणि त्याचा गाव पुढे दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही. येथे पदवीचा परतावा पगारात दिसत नाही. तो पेढीच्या विश्वासात जमा होतो. उद्यमबागेतील कारखाने व फाउंड्र्या आणि हत्तरगीचा विमानांच्या सुट्या भागांचा उद्योग जवळ असताना, अशा मुलास विक्रीकडून उत्पादनाकडे वळण्याचीही वाट मोकळी आहे.

हा सारा हिशेब मुलींनाही तसाच लागू आहे. कारखान्याचे काम मुलींचे नव्हे, ही समजूत आता टाकून द्यावी. यंत्ररचना, गुणवत्ता-तपासणी आणि उत्पादन-नियोजन या कामांत बुद्धी व चिकाटी लागते, आणि ती आपल्या मुलींत उणी नाही.

शेवटी संस्थेस एक नम्र सूचना. ज्या सभासदांचे कारखाने आहेत, त्यांपैकी प्रत्येकाने उन्हाळ्याच्या सुटीत समाजातील निदान एका विद्यार्थ्यास महिनाभर कामावर घ्यावे. दहावी-बारावीचा मुलगा तेलाने काळे झालेले हात घेऊन महिनाभर आनंदाने घरी आला, तर त्याच्या शिक्षणास खुशाल भांडवल पुरवावे. आठ दिवसांत कंटाळला, तर तो त्याचा दोष नव्हे. त्याचा कल निराळा आहे इतकेच, आणि आपले पंधरा लाख व त्याची चार वर्षे वाचली. नमुना पाहून माल घेण्याची आपली जुनी रीत मुलांच्या बाबतीतही लावावी. मात्र येथे नमुना मुलाने पाहावयाचा आहे, आणि निर्णयात त्याचा शब्द पहिला असावा.