बालीपलीकडचा इंडोनेशिया!

इंडोनेशिया म्हटलं की आपलं डोकं थेट बालीच्या पॅकेज टूरवर जातं. बीच, स्पा, फोटो, खल्लास! पण तिथला एखादा लेखक सांगा बरं? नाही ना आठवत?

नेमकं हेच ओळखून 1987 मध्ये जकार्तात ‘लोंतार फाउंडेशन’ सुरू झालं. चार इंडोनेशियन लेखक आणि जॉन मॅक्ग्लिन हा अमेरिकन अनुवादक. काम एकच, तिथल्या कविता, कादंबऱ्या, नाटकं इंग्लिशमध्ये आणायची.

अनुवाद म्हणजे एसीत बसून डिक्शनरी चाळणं वाटतं? मग हे ऐका. प्रामुद्या अनंता तूर सुहार्तोच्या राजवटीत बुरू बेटावर कैदेत होता. कादंबरी त्यानं आधी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. ‘बुमी मानुसिया’ 1980 मध्ये छापून आली, पुढच्याच वर्षी बंदी! तिचा अनुवादक मॅक्स लेन जकार्तातल्या ऑस्ट्रेलियन वकिलातीत नोकरीला. अनुवादापायी त्याला मायदेशी परत बोलावलं गेलं. (आणि आपण अप्रेझलला घाबरतो!)

पुढे वारं फिरलं. 2016 मध्ये एका कुर्नियावानची (हो, ‘एका’ हे नावच आहे) ‘मॅन टायगर’ मॅन बुकर इंटरनॅशनलच्या लाँगलिस्टमध्ये झळकली.

खरी पंचाईत ‘वायांग कुलित’ची. चामड्याच्या बाहुल्यांचा हा सावल्यांचा खेळ रात्रभर रंगतो, आपल्या पिंगुळीच्या बाहुल्यांचा लांबचा भाऊच. अर्जुन, भीम आपल्याला कळतात. पण मधेच सेमार हा ढेरपोट्या विदूषक टपकतो, जो मूळ महाभारतात नाहीच! त्याच्या तोंडून दालांग, म्हणजे सूत्रधार, ताज्या घडामोडींवर कोट्या करतो. आता याला सबटायटल द्या बघू. तोवर पब्लिक हसून मोकळं झालेलं असतं!