भिन्न प्रणालींच्या संगणकांतील सामायिक फोल्डर

कार्यालयातील संगणक विंडोजवर चालतो व वर्गातील उबुंटूवर, अशी स्थिती जेथे आहे तेथे निकालपत्रक पेनड्राइव्हने इकडून तिकडे नेले जाते. पुढे दोन्ही प्रतींत निरनिराळे गुण भरले जातात आणि खरी प्रत कोणती, हे ठरविता ठरविता वर्गशिक्षक बेजार होतो. गुण गळतात ते मात्र मुलाचे. पत्रक एकाच संगणकावर ठेवून दुसऱ्यावरून ते उघडणे, हा यावरील उपाय होय.

प्रणाली भिन्न असता हे साधते कसे? विंडोजचे संगणक आपसांत फाइलींची देवघेव एसएमबी नावाच्या नियमपद्धतीने करतात. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास संगणकांमधील संदेशांची ये-जा न्याहाळून तिच्याशी जुळणारा प्रोग्रॅम रचला. एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द त्यांनी पुढे शोधून काढला व प्रोग्रॅमला ‘सांबा’ हे नाव मिळाले. त्या नावाच्या नृत्याशी त्याचा संबंध एवढाच! उबुंटूवरील फोल्डर विंडोजला दिसावयाचे असल्यास उबुंटूवर सांबा बसवावा लागतो.

आपल्या कामी उलट मार्ग अधिक सोपा. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले असावेत. विंडोजवर फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ निवडावे. मग उबुंटूत फाइलींच्या खिडकीत कंट्रोल व एल या कळा एकत्र दाबाव्यात आणि इंग्रजीत एसएमबी, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा, विंडोज-संगणकाचा आयपी पत्ता, पुन्हा एक रेघ व फोल्डरचे नाव, असे न थांबता लिहावे.

येथे बहुतेकांचे घोडे अडते ते पासवर्डपाशी. विंडोजच्या खात्यास पासवर्डच नसेल, तर समोर बसून ते उघडते. परंतु नेटवर्कवरून येणाऱ्यास विंडोज सहसा दाद देत नाही. चार आकडी पिनही येथे चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो. सबब सामायिक कामासाठी निराळे खाते उघडून त्यास पासवर्ड द्यावा. पासवर्ड नको म्हणून फोल्डर ‘एव्हरीवन’ला मोकळे करण्याचा मोह आवरावा, त्यात मुलांचे जन्मदिनांक व आधार क्रमांक असतात. जो केवळ पाहणार, त्यास वाचण्यापुरताच अधिकार पुरे.

एसएमबीची पहिली आवृत्ती चालू केल्यास जुनी यंत्रे जोडली जातात, असा सल्ला कोणी देईल. तो मानू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा उपद्रव तिच्यातील दोषातूनच जगभर पसरला.

फाइलींची नावे देवनागरीत खुशाल द्यावीत, दोन्ही प्रणाली युनिकोड जाणतात. मात्र नावात अपूर्णविराम वा प्रश्नचिन्ह नसावे; उबुंटू ते खपवून घेतो, विंडोजला ते वर्ज्य आहे. तसेच एकच पत्रक दोघांनी एकाच वेळी उघडून त्यात लिहू नये. गुण भरण्याच्या वेळा आधी वाटून घ्याव्यात.