विश्लेषण : खालूबाजा ऐकून संगणक नवा खालूबाजा ‘वाजवू’ शकेल का?

शिमग्यात श्रीवर्धन आणि आसपासच्या गावांत पालखी निघते, तेव्हा तिच्यापुढे खालूबाजा वाजत असतो. सनईचा सूर चढला, ढोल-टिमकीने लय धरली, की मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे मोबाइल वर होतात. या चित्रफिती वर्षभर फोनमध्ये आणि व्हॉट्सॲपवर फिरत राहतात. दुसरीकडे, ध्वनिमुद्रणे ऐकवून संगणकाला नवे संगीत रचायला शिकवणारे तंत्र आता हाताशी आले आहे. मग फोनमधल्या या ठेव्यातून यंत्र खालूबाजा शिकेल का? त्यासाठी काय करावे लागेल? आणि ते शिकलेच, तर त्यावर हक्क कोणाचा?

असा प्रोग्रॅम नेमके काय करतो?

तानपुऱ्याचे किंवा तबल्याचे ॲप आपल्या परिचयाचे आहे. त्यात आधी भरून ठेवलेला नाद पुन्हा पुन्हा वाजतो. ॲप स्वतः काही शिकत नाही. ध्वनिमुद्रणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमचे काम वेगळे असते. त्याला एकच प्रश्न लाखो वेळा विचारला जातो : आतापर्यंत एवढे वाजले, तर पुढे काय वाजेल? त्याने अंदाज करायचा, तो मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहायचा, चूक किती झाली ते मोजायचे आणि त्या मानाने आपले आतले आकडे थोडे थोडे बदलायचे. हे पुरेशा वेळा झाले, की अंदाज मुळाच्या जवळ येऊ लागतात. मग मूळ ध्वनिमुद्रण काढून घेतले, तरी प्रोग्रॅम स्वतःच्याच एका अंदाजापुढे दुसरा, त्यापुढे तिसरा असे जोडत जातो. हेच त्याचे ‘नवे’ संगीत.

अडचण असते ती आकाराची. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यात एक कोटीहून अधिक. इतक्या नोंदींचा एकेक करून अंदाज बांधणे परवडत नाही. म्हणून बरेच प्रोग्रॅम आधी आवाजाचे संक्षिप्त खुणांत रूपांतर करतात, त्या खुणांची माळ गुंफायला शिकतात आणि शेवटी त्या माळेचा पुन्हा आवाज करतात. लघुलिपीत टिपून घ्यावे आणि नंतर पूर्ण मजकूर लिहून काढावा, तसे.

हे प्रयत्न कधीपासून सुरू आहेत?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून तंतुवाद्यांसाठीची ‘इलियाक सूट’ ही रचना करून घेतली. त्यात संगीताचे नियम माणसाने लिहून दिले होते. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपेन आणि बर्नार्ड बेल यांनी लखनौ घराण्याचे तबलावादक उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्या वादनावर काम करताना ‘बोल प्रोसेसर’ तयार केला. कायद्याचे नियम प्रोग्रॅममध्ये भरायचे, त्याने नवे पलटे रचायचे आणि ते बरोबर की चूक हे उस्तादांनी सांगायचे, अशी त्याची पद्धत होती.

महाराष्ट्रातही असे काम झाले. संगणकशास्त्राचे प्राध्यापक आणि गायिका वीणा सहस्रबुद्धे यांचे पती डॉ. हरी सहस्रबुद्धे यांनी पुणे विद्यापीठात असताना, १९९०च्या दशकाच्या प्रारंभी, रागाची संगणकीय मांडणी केली. कोणत्या स्वरावरून कोणत्या स्वरावर जाता येते, याचा एक नकाशा त्यांनी रागासाठी आखला आणि त्या नकाशावरून चालत संगणकाने नव्या स्वरावली काढल्या.

या सगळ्या प्रयत्नांत यंत्र प्रत्यक्ष नाद ऐकत नव्हते. त्याला मिळत होती ती अक्षरे : ‘धा तिट’ किंवा ‘सा रे ग’. थेट ध्वनिमुद्रणातून शिकणे शक्य झाले ते गेल्या दहा वर्षांत. २०१६ मध्ये डीपमाइंडच्या ‘वेव्हनेट’ने पियानोची ध्वनिमुद्रणे ऐकून छोटे तुकडे वाजवले. २०२० मध्ये ओपनएआयच्या ‘ज्यूकबॉक्स’ला १२ लाख गाणी ऐकवण्यात आली. तरीही त्याला एका मिनिटाचे गाणे तयार करायला सुमारे नऊ तास लागत. आज हेच काम काही सेकंदांत होते.

मग आपले संगीत यंत्राला अवघड का जाते?

पियानोवर स्वर ठरलेल्या जागी असतात. कळ दाबली की स्वर वाजतो. त्यामुळे पियानोवादनाचा नेमका डेटा मिळवणे सोपे जाते. गूगलच्या संशोधकांनी खुल्या केलेल्या ‘माएस्ट्रो’ संचात सुमारे २०० तासांचे वादन आहे. कोणती कळ कधी आणि किती जोराने दाबली, याची नोंद त्यातील पियानोंनीच ठेवली आहे.

गळ्याचे किंवा सनईचे तसे नाही. दोन स्वरांच्या मधली मींड, आंदोलन, कणस्वर यांतच त्याची ओळख असते. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर लागतात. पण भूपात गंधाराला महत्त्व, तर देशकारात धैवताला. नुसते स्वर मोजणाऱ्या यंत्राची येथे फसगत होऊ शकते. स्वर कसा लागला, किती वेळ टिकला, कोणीकडून आला हेही त्याला कळावे लागते.

या दिशेने बरेच काम मुंबईतच झाले आहे. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एनसीपीए) सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी गायनाची वळणे पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणारा प्रकल्प राबवला. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांचा गट हिंदुस्थानी संगीताच्या संगणकीय विश्लेषणावर काम करतो. २०२४ मध्ये नित्या शिकारपूर आणि सहकाऱ्यांनी ‘गमधनि’ हे मॉडेल मांडले. ते हिंदुस्थानी गायनाच्या ध्वनिमुद्रणांतून शिकते आणि दोन टप्प्यांत काम करते. आधी आवाजाच्या चढउताराची वळणदार रेषा काढते, मग त्या रेषेला गळा देते. गायकाने सुरुवात करून द्यावी आणि मॉडेलने पुढे न्यावे, अशीही सोय त्यात आहे.

डेटा मात्र तुटपुंजा आहे. गूगलच्या ‘म्युझिकएलएम’ला २०२३ मध्ये २ लाख ८० हजार तासांचे संगीत ऐकवले गेले. याउलट बार्सिलोनातील विद्यापीठाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘सरगा’ या खुल्या संग्रहात हिंदुस्थानी संगीत आहे सुमारे ४३ तास. शास्त्रीय संगीताची ही स्थिती, तर खालूबाजाची काय असेल?

श्रीवर्धनचा खालूबाजा शिकवायचा तर पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी ध्वनिमुद्रणाची. सनई, ढोल, टिमकी आणि झांज एकत्र वाजतात, तेव्हा ढोलाच्या घुमाऱ्यात सनईची बारीक वळणे बुडतात. म्हणून प्रत्येक वाद्याजवळ वेगळा माइक हवा आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा साठवायला हवा. श्रीवर्धनला वाऱ्याचाही विचार करावा लागेल. उघड्या माइकवर समुद्रावरचा वारा आदळला, तर त्याची घरघर वाद्यांवर चढते.

दुसरी पायरी नोंदींची. कुठे चाल बदलली, लय कुठे वाढली, पालखी चालत होती की नाचवली जात होती, हे जाणकाराने ऐकून त्या त्या क्षणापाशी लिहायचे. हे काम सर्वात वेळखाऊ आणि सर्वात मोलाचे असते. ते वादकाला शेजारी बसवूनच करावे लागते.

तिसरी पायरी शिकवण्याची. काही तासांच्या ध्वनिमुद्रणावर कोरे मॉडेल शिकवले, तर ते ऐकलेलेच तुकडे जसेच्या तसे परत वाजवू लागते. म्हणून आधी भरपूर संगीत ऐकलेले मॉडेल घेऊन त्याला शेवटचे धडे खालूबाजाचे द्यायचे, हा व्यवहार्य मार्ग. त्यातला धोका असा, की जेथे खालूबाजाची उदाहरणे कमी पडतील, तेथे मॉडेल आपल्या जुन्या सवयीने वाजवेल. सनई मग सिनेमातल्या लग्नातली वाटू लागेल.

चौथी पायरी परीक्षेची. काही ध्वनिमुद्रणे मॉडेलपासून मुद्दाम बाजूला ठेवायची आणि ते नवे काही रचते की जुनेच उगाळते, हे तपासायचे.

फोनमधल्या चित्रफिती पुरेशा नाहीत का?

आठवण म्हणून त्या उत्तम, शिकवण्यासाठी अपुऱ्या. फोनचा माइक प्रामुख्याने बोलणे टिपण्यासाठी जुळवलेला असतो. मोठा आवाज आला की फोन तो आपोआप दाबतो आणि सततच्या आवाजाला गोंगाट समजून कमी करतो. त्यामुळे ढोलावरचा जोरकस आणि हलका हात यांतला फरक पुसट होतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल आणखी दाबली जाते. शिवाय चित्रफीत बहुधा अर्ध्या-एक मिनिटाची असते आणि रंग चढल्यावरच काढलेली असते. अशाच चित्रफिती ऐकलेल्या यंत्राला खालूबाजा संथपणे सुरू होऊन हळूहळू चढत जातो, हे कळणारच नाही.

जुन्या शास्त्रीय संगीताचेही असेच झाले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर एका बाजूला साधारण तीन मिनिटेच मावत. फक्त त्या तबकड्यांवर शिकलेल्या यंत्राचा समज राग तीन मिनिटांत संपतो असाच होईल.

यंत्राने बरोबर वाजवले, हे कोण ठरवणार?

अंदाज किती चुकला हे संगणक मोजू शकतो. वाजवलेले योग्य की अयोग्य, हे त्याला सांगता येत नाही. लखनौच्या प्रयोगात हा निकाल उस्तादांनी द्यायचा होता. येथे तो सनई आणि ढोल वाजवणाऱ्यांनी द्यायला हवा.

कारण पालखीपुढचा वादक केवळ आपल्या मागच्या ठेक्यावरून पुढचा ठेका काढत नाही. खांद्यावर पालखी घेतलेल्यांची पावले, दारात ओवाळायला थांबलेली माणसे, दमलेला जोडीदार हे सगळे पाहून तो वाजवतो. यातले काहीच ध्वनिमुद्रणात उतरत नाही. त्यामुळे यंत्र खालूबाजासारखा आवाज काढील. पालखी कधी उचलली आणि कधी टेकवली हे मात्र त्याला कोणी तरी सांगावे लागेल.

हक्क कोणाचा?

पारंपरिक चालीला बहुधा ज्ञात रचनाकार नसतो, त्यामुळे ‘हे तर सगळ्यांचेच’ असे म्हटले जाते. पण चाल आणि वादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क आहेत आणि ते ५० वर्षे टिकतात. सादरकर्त्यांच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी आणि गारुड्यांचाही समावेश आहे. आपल्या वादनाचे ध्वनिमुद्रण करू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा आणि त्याच्या व्यापारी वापरातून मोबदला मिळण्याचा हक्क त्यात येतो.

यंत्राला शिकवण्यासाठी होणाऱ्या वापराबद्दल मात्र कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सक्तीचा परवाना आणि त्यातून हक्कधारकांना मोबदला, असा मार्ग सुचवला. पण तो प्रस्ताव आहे. आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना, तर २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. या दोघांचा आवाज देश ओळखतो. गावच्या सनईवादकाचे नाव त्याच्या चित्रफितीखाली नसते. मोबदला द्यायचे ठरले, तरी तो कोणाच्या नावे द्यायचा?

आतापासून काय करता येईल?

याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी प्वाटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामातून हजाराहून अधिक गावांतील बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. त्यांतील गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी पुढे जे संगणक अभियंता आले, ते बोल प्रोसेसरवालेच बर्नार्ड बेल. सुमारे १२० तासांची ही ध्वनिमुद्रणे आहेत. ‘परी’ या संकेतस्थळावर हा संग्रह प्रसिद्ध होतो, तेव्हा ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव असते.

श्रीवर्धनच्या एखाद्या मंडळाला पुढच्या शिमग्यात एवढे सहज करता येईल : पालखीच्या गर्दीत नव्हे, तर आधी एखाद्या संध्याकाळी वादकांना बसवून सगळ्या चाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून घ्याव्यात. मूळ फाइल न दाबता ठेवावी. सोबत प्रत्येक वादकाचे नाव, गाव, तारीख, चालीचे नाव आणि ती केव्हा वाजवतात हे लिहावे. ध्वनिमुद्रण कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी नाही, हे वादकांना विचारून कागदावर घ्यावे, आणि त्यात यंत्राला शिकवण्याचाही स्पष्ट उल्लेख असावा. एक प्रत वादकांकडे आणि दुसरी गावाबाहेर सुरक्षित ठेवावी. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात ज्यांच्या घरांची छपरे उडाली, त्यांना दुसऱ्या प्रतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

यातून उद्या कोणी प्रोग्रॅम बनवो वा न बनवो, गावातल्या पोराला सनई शिकायची झाली, तर त्याच्याकडे पूर्ण चाल असेल आणि ती कोणी वाजवली हेही त्याला माहीत असेल.