तपकिरी खुणेआडचा प्राणी

परदेशातून आलेल्या पाहुण्याने मुलांच्या हाती ठेवलेला मऊ, लवचिक गोळ्यांचा पुडा पुष्कळ घरांत फोडण्यापूर्वी उलटून वाचला जातो. शोध असतो ‘जिलेटिन’ या एकाच शब्दाचा. जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढलेले हे प्रथिन म्हणजे सुताराच्या सरसाचेच शुद्ध भावंड. जिभेला ते ओळखता येत नाही; सांगू शकते ते केवळ वेष्टण. विक्रेत्याला ठाऊक व ग्राहकाला अज्ञात, अशा बाजाराचे दुखणे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडले. उदाहरण जुन्या मोटारींचे होते, इतकेच.

भारतात २००० व २००१ मधील नियमांनी वेष्टणावर मांसाहारी व शाकाहारी खुणा सक्तीच्या केल्या. हिरव्या ठिपक्याने शाकाहारी कुटुंबाची चिंता बरीचशी मिटली. पेक्टिन वा चायना ग्रास घातलेल्या गोळ्या त्याला निवडता येतात. परंतु मासे खाणारा पण गोमांस वर्ज्य मानणारा हिंदू आणि डुक्कर निषिद्ध मानणारा मुसलमान यांचे काय? जिलेटिन गाईचे, डुकराचे की माशाचे, हे तपकिरी खूण सांगत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घटकांचा उगम वनस्पतिजन्य की प्राणिजन्य हे जाहीर करण्यास सांगितले. प्रश्न त्यापुढचा आहे. प्राणी कोणता? पुरवठादार बदलला की वेष्टण बदलावे लागेल, ही उत्पादकाची अडचण खोटी नाही. पण तो भार शाईचा आणि कागदाचा आहे. शाळेबाहेर बरणीतून सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना तर वेष्टणच नसते.